परग्रहावरची आमची मेंढरं

प्रज्ञाताईचं नाव आधी घेते. कोण काय बोललं, कुणाचं काय चुकलं, ते मागून येईल. उस्मानपुऱ्यातल्या त्या दुमजली घरात मी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते आणि ती घरमालकीण मावशींची थोरली पोरगी. आठवीत शाळा सुटलेल्या भाडेकरणीला तिनं खाली बोलावलं, आपल्या शेजारची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, "बस कौशे. तुझ्या वाट्याला एक अख्खा ग्रह येतोय." हे आधी सांगितलं नाय तर पुढचं लिहिताना माझाच हात अडेल.

परवा कापडाचे तागे बघायला बायपासच्या पलीकडं जावं लागलं. गहू-हरभरा निघून रान मोकळं झालंय. मोकळं म्हणजे काय, प्लॉट पाडलेत. चुना फासलेले दगड रांगेत, मधून मुरमाचे रस्ते, एका कोपऱ्यात कमान आणि कमानीवर कुठल्याशा फुलाचं नाव. आणि त्या सगळ्यात मेंढरं बसलेली. मी रिक्षा थांबवून घेतली. कुणाच्या तरी होणाऱ्या हॉलमध्ये एक मेंढी रवंथ करत होती. कुणाच्या देवघरात कोकरू ढुशा देऊन पीत होतं. एक बाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती, तिथं बहुतेक पुढं कुणाची बेडरूम होईल. वारं आमच्या बाजूला वळलं आणि वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या जळणाच्या धुराचा. तो वास आला की मला दोन गोष्टी एकदम होतात. भूक लागते, आणि कुणी बघतंय का म्हणून मान मागं वळते.

"उतरायचंय का मॅडम?" रिक्षावाला म्हणाला.

"नाय. चला."

ती आमची मेंढरं नव्हती. आमची तिकडं, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, जिथं बाजारात अर्धं बोलणं तेलुगूत चालतं. आई फोन करते तेव्हा गावाचं नाव सांगत नाय, कुणाच्या रानात बसलोय ते सांगते. वर्षातून एकदा जत्रेला जाते मी. इथं राहून इतकी वर्षं झाली, तरी खोलीचं कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ओढून बघते.

उन्हाळा म्हणजे मला युनिफॉर्म. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं शिलाईचं वर्कशॉप आहे. पाडवा झाला की तिथं दुसरं काही शिवलं जात नाय. निळ्या चड्ड्या, चौकड्यांचे फ्रॉक, बिल्ल्यासाठी जागा सोडून शिवलेले खिसे. पत्र्याचं छत तापतं, पंखा गरम वारा खाली ढकलतो, आणि नव्या कापडाची खळ नाकात बसते. आठवीच्या मापाचा फ्रॉक हातात आला की माझी शिलाई अजून वाकडी जाते. आठवीत आमची मेंढरं नदीपलीकडं गेली आणि मीही त्यांच्या मागं गेले, भाकरीला माणूस लागत होतं. परीक्षेला परत आणतो म्हणाले होते. नाय आणलं. अशा वेळी कुणावर राग नाय असं म्हणायची पद्धत आहे. मला आहे राग. पण तो नेमका कुणावर ठेवायचा ते ठरत नाय, म्हणून तो उन्हाळाभर हातात सुईसारखा राहतो.

ज्या उन्हाळ्याचं लिहायचंय तो दोन-तीन वर्षांमागचा. दर रविवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये कूलर लावून, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मोठं टेबल ओढून प्रज्ञाताई, निखिल आणि इम्रान खेळायला बसायचे. निखिल वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. इम्रान शहागंजातल्या वडिलांच्या दुकानात कूलर-एसी दुरुस्त करणारा. दोघांची ताईशी ओळख मोबाइलवरच्या एका ग्रुपवर झालेली. आधी मला वाटलं पत्ते असतील. पण पत्ते नाय, पट नाय. कागद, पेन्सिली, आणि विसेक बाजूंचा एक फासा. एक जण सगळं खेळवतो, त्याला जीएम म्हणायचं. तो सांगतो की तुम्ही इथं पोचलात, समोर हे दिसतंय. बाकीचे सांगतात, मग आम्ही असं करतो. ते जमलं का नाय ते फासा ठरवतो. ताई जीएम. निखिल जहाजाचा कॅप्टन आणि इम्रान त्या जहाजाचा मिस्तरी. जहाज म्हणजे ताऱ्याताऱ्यांतून जाणारं. मोठी नोकरीतली माणसं इतकं मन लावून खोटं बोलतात याचं मला नवल वाटलं होतं. मग कळलं की इथं खोटं बोलायचं असतं, पण फसवायचं नसतं.

ताईकडं या खेळाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात परग्रहावरच्या जाती होत्या. जातीच म्हणायची ताई, आणि म्हणताना तोंड वाकडं करायची. दर जातीला एक पान. वर चित्र, खाली स्वभाव. हे लोक लढाऊ. हे लोक लबाड व्यापारी. हे लोक बुद्धिमान पण भावना नसलेले. एका पानावर भटके होते. ताईनं मराठीत करून वाचलं, "हे लोक अभिमानी, शहाणे आणि कमी बोलणारे असतात." मला हसू फुटलं. माझा बाप भटका, आणि तो झोपेतसुद्धा बोलतो. दुसऱ्याच्या कुत्र्याला भितो. माझे दोन चुलते एका आईच्या पोटचे, एकाच वाड्यावर वाढलेले. वाडा म्हणजे आमचा मेंढरांचा तळ. त्या दोघांचा स्वभाव एका पानावर मांडायला गेलं तर पानच फाटेल. लिहिणाऱ्याला कुणी भेटलं नसेल, असं मला वाटलं. किंवा लांबून, जहाजातून, वरून बघितलं असेल. त्या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टींत पाहुणा वरूनच उतरतो. चालत कुणी येत नाय.

"मग तू बनव," ताई म्हणाली. "तुला येतं तेच टाक. फक्त आकाश बदल."

मी बनवले. राखेचा एक ग्रह. तिथं वस्ती करून राहिलेली माणसं आहेत, पण त्या राखेत काही पिकत नाय. आणि तिथले मूळचे लोक साऊर, करड्या कातडीचे, चार हातांचे. नावं सुचेनात म्हणून तोंडाला येतील ते आवाज काढले. साऊरांची जनावरं गुभे. सहा पायांचे, आंधळे, बाईच्या घशातल्या आवाजावर चालणारे. गुभे ज्या राखेवर रात्रभर बसतात तिथली माती सकाळी काळी होते, पेरता येते. म्हणून वस्तीवाले साऊरांना बोलावतात, रात्रभर जनावरं बसवून घेतात, आणि सकाळी जा म्हणतात.

आमच्याकडं असंच असतं. उन्हाळ्यात रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि शेतकऱ्यानं त्याबदली धान्य द्यायचं. किती पायल्या द्यायच्या याची आधी बोली होते, आणि ती बोली आई करते. शेतकरी म्हणतो, "ही काय मेंढरं हायती का उंदरं?" आई म्हणते, "तुमचं रान बघून धसका घेतलाय त्यांनी, कालपातूर बरी होती." मग तो आईच्या लुगड्यावर जातो, आई त्याच्या बैलांवर जाते. अर्धा दिवस चालतं. मधी चहा होतो. माणूस जितका तोलामोलाचा, तितकी घासाघीस लांबते. बोली न करता कुणी पायल्या दिल्या तर आईचं तोंड उतरायचं. "भिकारी समजला आपल्याला," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथून हलायची.

ही बोली मी साऊरांना दिली. आणि त्यांची म्हातारी पुढारीण मीच झाले.

पहिल्या रविवारी जहाज उतरलं. वस्तीसाठी माती करून द्या, असं सांगायला कॅप्टन आणि मिस्तरी म्हातारीकडं आले. इम्राननं माझ्याकडं बघून डोळे बारीक केले. "अम्मा, तेरे जानवर सब लंगडे हैं. छे पाँव हैं तो भी लंगडे."

तोंडातून कसं निघालं कुणास ठाऊक. "तुझं जहाज तरी कुठं सरळ उडतंय बाबा? उतरताना बघितलं मी. आमच्या कुत्र्याला बरं वाटलं, त्याच्यासारखंच कुणीतरी चालतंय."

निखिल टेबलावर डोकं ठेवून हसला. "कौशल्या, तू तर एकदम भारी निघालीस. बरं म्हातारे, एका रात्रीचे दोन डबे इंधन. पटतंय तर बघ, नायतर चालू लाग." मी म्हणाले, "दोन डब्यांत तर माझी सून सुद्धा बसायची नाय." हे चालू असताना आतून मावशी ओरडल्या, "नळ आला ग, उठा." पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळं कॅप्टन, मिस्तरी, जीएम आणि परग्रहावरची म्हातारी, सगळे बादल्या, पाइप घेऊन धावले. टाकी भरता भरतासुद्धा बोली चालूच. इम्रान पाइप धरून, "तीन डबे, आख़री बात, अम्मा." मी हंडा लावत, "पाच." त्या दिवशी मी वर गेले तेव्हा कुलूप ओढून बघायचं विसरले होते.

कुठून सुचलं हे सगळं, निखिलनं विचारलं होतं. "असंच," मी म्हणाले. ही आमचीच मेंढरं आहेत, हे सांगायची भीती वाटली. आणि खरं म्हणजे गरजही वाटली नाय. माझ्या आईशी भांडून हे लोक हसत होते. मला एवढंच हवं होतं की ते असंच चालू राहावं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी त्या टेबलाकडं.

चालू राहिलं ते वैशाख लागेपर्यंत. मग एका रविवारी निखिल म्हणाला, दर वेळी या लोकांना बोलवा, बोली करा, त्यापेक्षा सगळे गुभे आपणच ताब्यात घेऊ. एक मोठी शेड बांधू, कायमची. साऊरांनी जावं कुठं जायचं तिकडं. कॅप्टन म्हणून विचार बरोबर होता, वस्तीला खायला मिळालं असतं. ताईनं विचारलं, "नक्की?" त्यानं फासा टाकला. मोठा आकडा पडला. इम्राननं टाळी दिली. ताईनं नियमाप्रमाणं सांगितलं, जनावरं शेडमध्ये गेली, साऊर डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून बघतायत.

"आमच्या आईबापाची मेंढरं हायती ती," मी म्हणाले.

कूलरचं पाणी आत ठिबकत होतं तेवढाच आवाज राहिला. मग मी सांगितलं. वाडा, बोली, पायल्या, नदीपलीकडं जाणं, आठवी. सांगताना कळत होतं की सांगू नये, पण थांबता येईना. निखिलचा चेहरा लाल झाला. "सॉरी. खरंच सॉरी. मला माहीत नव्हतं. आपण हे मागं घेऊ. समजा, मी फासा टाकलाच नाही."

आणि त्यानं घेतलं मागं. सगळे गुभे परत. चांगुलपणानं केलं, यात शंका नाय. त्या चांगुलपणानंच सगळं मेलं.

पुढच्या रविवारी कॅप्टन म्हातारीपुढं हात जोडून उभा. "माते, आपली परवानगी असेल तर आम्ही या खोऱ्यात थांबू." इम्रान लंगडं म्हणेना. मी पाच डबे म्हणाले, त्यांनी दहा दिले. मी मुद्दाम त्यांच्या जहाजाला नावं ठेवली, तर निखिल मान हलवून म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. आपण निसर्गापासून दूर गेलोय." मला तो आता 'तुम्ही' म्हणायला लागला. जाताना चपला घालताना विचारायचा, घरी सगळे ठीक आहेत ना, काही मदत लागली तर सांगा. साऊर कमी बोलायला लागले. शहाणे झाले, अभिमानी झाले. हळूहळू त्या पुस्तकातल्या पानावर जाऊन बसले. जोवर परके होते तोवर त्यांच्याशी भांडता येत होतं. माझे निघाले आणि फोटोतल्यासारखे झाले, हार घातलेल्या.

आईला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. परग्रह वगैरे सोडून दिलं, एवढंच सांगितलं की एका खेळात लोकांनी आपली मेंढरं घेतली होती, मग परत दिली.

"बोली करून दिली का?" आईनं विचारलं.

"नाय. वाईट वाटलं म्हणून दिली. फुकट."

"फुकट? मग परत मागाय येतेल," आई म्हणाली, आणि कुत्र्यावर ओरडायला गेली.

गच्चीवर वाळवणं उचलताना ताईला म्हणाले, मी आता खाली येणार नाय. तिनं आधी चादरीवरच्या कुरडया सोडवल्या. मग म्हणाली, "टेबलावरची ती शांतता मला ओळखीची आहे कौशे. कॉलेजात पहिल्या दिवशी नावं विचारली, मी आडनाव सांगितलं, तेव्हा अशीच झाली होती. शिवी नव्हती दिली कुणी. उलट एकानं उठून खुर्ची दिली. पण त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत त्या वर्गात माझी कुणी टिंगल केली नाय. एकमेकांची करायचे सगळे. माझी नाय."

मी कुरडईचा एक तुकडा मोडून तिला दिला, एक मी खाल्ला.

"रविवारी ये," ती म्हणाली. "शेवटचं म्हणून ये."

त्या रविवारी ताईनं खेळात नवीन माणूस आणला, वस्तीचा दलाल. आवाज घोगरा काढला, पाय टेबलाच्या दांडीवर टाकला आणि माझ्याकडं बोट केलं. "ए म्हातारे, हे जनावर हाय का चिरगूट? आणि तुम्ही लोक लांब उभे राहा जरा, वास मारतोय."

निखिल चटकन म्हणाला, "प्रज्ञा, हे जरा जास्त होतंय."

"तू तुझ्या जहाजात बस," ताई म्हणाली. नजर माझ्यावरून हलवली नाय. "काय ग म्हातारे, वाचा बसली का?"

माझ्या कानशिलात आधी रक्त तापलं. खरा अपमान झाल्यावर तापतं तसंच. मग तिच्या डोळ्यांत बघितलं, तर ती वाट बघत होती. शेतकरी आईची बघायचा तशी.

"दलाला," मी म्हणाले, "या चिरगुटांच्या जिवावर राखसुद्धा पिकते. तुझ्या ओठावर साधं मिसरूड पिकंना. आणि वासाचं म्हणशील, तर तू आल्यापास्नं गुभे खायचे थांबलेत."

इम्रानच्या नाकातून सरबत आलं. "हौ, अम्मा आई वापस," म्हणाला, आणि मग निखिलकडं बघून हसणं आवरलं. पण आम्ही दोघी सुटलो होतो. ती माझ्या चार हातांवर गेली, मी तिच्या तराजूवर. ती दोन म्हणाली, मी नऊ. तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या, मी तिच्या आठव्या पिढीला जन्मच घेऊ दिला नाय. आतून मावशी येऊन दारात उभ्या राहिल्या, भांडण खरं का खोटं ते त्यांना कळेना. शेवटी फासा टाकला आणि मी हरले. दलालानं साफ फसवलं मला, साऊरांची दोन खोरी घेतली आणि एक गळका डबा दिला. ताईनं काही मागं घेतलं नाय. मीही मागितलं नाय. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी गेलं होतं, आणि गेलं म्हणजे ते माझं होतं.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण जून आला. युनिफॉर्मचे गठ्ठे दुकानांत गेले, शाळा उघडल्या, माझ्या हातचे फ्रॉक घालून पोरी रिक्षांत कोंबून जायला लागल्या. इम्रानला सौदीत काम मिळालं. निखिलचं लग्न ठरलं. जहाज कुठल्या ताऱ्यापाशी थांबलंय ते कुणालाच आठवत नसेल आता. गेल्या हिवाळ्यात निखिल क्रांती चौकात भेटला, बायको बरोबर होती. तिला म्हणाला, "या कौशल्याताई. यांच्या समाजाबद्दल मला खूप शिकायला मिळालं." तिनं नमस्कार केला. मीही केला. तो मला म्हातारे म्हणेल म्हणून मी उगाच थोडी थांबले. सिग्नल सुटला, ते गेले.

माणूस चांगला आहे. ह्याचाच ताप होतो. वाईट असता तर आईच्या भाषेत चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

प्रज्ञाताईला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते जाड पुस्तक तिनं माझ्या हातात दिलं. मी म्हणाले, मला इंग्रजी कुठं येतं. "मग शिक. घाई काय आहे?" म्हणाली. इतके दिवस मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. "ताई, तू सगळ्यांचे ग्रह खेळवलेस. निखिलचे, इम्रानचे, माझा. तुझे लोक कधी टेबलावर आले नाय."

बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत राहिली. "जीएमला खेळता येत नसतं."

"खरं सांग."

"खरं म्हणजे," ती म्हणाली, "मी माझे लोक आणले, आणि सगळे तसेच गप्प झाले, तर त्यांच्याशी भांडायला टेबलावर कोण होतं? माझ्यासाठी प्रज्ञा कुठून आणायची?" आणि हसली. चेन सुटली. मावशींनी डब्यात धपाटे भरले होते, ते विसरू नको म्हणून आतून हाक आली.

त्या प्रश्नाला मी त्या दिवशी काहीच बोलले नाय. भित्री आहे मी, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं उत्तराची वाट बघितली नसावी. पण मी शिकतेय ताई. रोज वर्कशॉपवरून आले की त्या पुस्तकाचं अर्धं पान, बोट ठेवून, शब्दाखाली शब्द. लढाऊ लोकांचं पान झालं, लबाड व्यापाऱ्यांचं चालू आहे. तुझं मोठं देणं आहे माझ्यावर, आणि ते आभार मानून फिटायचं नाय. एक दिवस खेळवणाऱ्याच्या खुर्चीत मी बसेन आणि तू समोर बसशील. तुझे लोक घेऊन ये, जसे आहेत तसे, भांडखोर, हट्टी, आडनावासकट. मी त्यांच्याशी बोली करीन, त्यांना फसवीन, त्यांच्याकडून फसेन, त्यांच्या तोंडाला तोंड देईन. टेबलावर एक जण तरी असा असेल, की जो तुझं ऐकून गप्प होणार नाय.